मागच्या खोलीतला निरोप

१

वडिलांचा निरोप खोटा आहे हे मला तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. पहिल्या दोन वेळी मी रडत होते, आणि रडताना माणूस फक्त शब्द ऐकतो.

बाबांना जाऊन महिना झाला होता. माझ्या धाकट्या भावानं, राजसनं, तो निरोप मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'बाबांच्या लॅपटॉपमध्ये सापडला. तुझ्यासाठी आहे.' मी पुण्यात माझ्या दवाखान्यात होते. पुढच्या पेशंटला थांबायला सांगून मी दार लावलं.

"मनवा, मी मागच्या खोलीत बसून बोलतोय. तू तपासणीत जी रेघ काढलीस ती बरोबर होती. माझे कान गेले होते आणि ते मला माहीत होतं. तू बटणं दाबत होतीस तेव्हा तुझे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. तरी तू खोटं लिहिलं नाहीस. मी तुझ्याशी बोललो नाही, ही माझी चूक. आता मनात काही ठेवू नकोस."

मी लोकांचे कान तपासते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबांचे तपासले. पानांची सळसळ, स आणि श यांसारखे बारीक आवाज त्यांना जवळजवळ येतच नव्हते. तपासणीच्या आलेखावर रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी; मी ती जिथं होती तिथंच काढली. राजस गाडी काढायला खाली गेला होता. बाबांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तो कागद वाचला. आई त्यांच्या मागच्या पायरीवर होती. "तुला ही रेघ थोडी वर काढता आली असती," बाबा म्हणाले.

ते माझ्याशी बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतरचे अकरा महिने मी फोन करत राहिले आणि आई म्हणत राहिली, "झोपलेत गं." जानेवारीत ते गेले.

म्हणून हा निरोप मला हवा होता. इतका, की मी तो पुन्हा नीट ऐकायला घेतला नसता तर बरं झालं असतं. पण राजसकडून मूळ फाइल मागवली आणि कानांवर चांगले हेडफोन चढवले. निरोप दोन्ही कानांसाठी केलेला होता. बाबा माझ्या डावीकडे, चार हातांवर बसले होते. 'ट' आणि 'त' अशा टणक अक्षरांनंतर त्यांच्या मागून एक बारीक टर्र येत होती आणि विरत होती.

ही टर्र मी ओळखते. दोन उघड्या भिंती समोरासमोर असल्या की त्या आवाज चेंडूसारखा एकमेकींकडे फेकत राहतात, तेव्हा ती येते. मागच्या खोलीत मी वीस वर्षं झोपले आहे. तिथं छतापर्यंत पुस्तकं आहेत, लोखंडी पलंगावर चौदा गोधड्यांची चळत आहे, गाद्या आहेत, जाड पडदे आहेत. तिथं टाळी वाजवली तर हात खाली यायच्या आत ती मरते.

बाबा म्हणत होते, मी मागच्या खोलीत बसून बोलतोय. खोली म्हणत होती, नाही.

२

शनिवारी नेवाशाला गेले. बाबांनी शिक्षकाच्या पगारात बांधलेलं चार खोल्यांचं स्लॅबचं घर आहे. आई मेथी निवडत होती. राजस देवळाली प्रवऱ्याच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत असतो, तो सुट्टी काढून आला होता.

बाबांचं निवृत्तीनंतरचं काम थोडं सांगायला हवं. ते भौतिकशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर जुन्या वास्तूंचे आवाज जमवू लागले. रिकाम्या जागेत उभं राहून फुगा फोडायचा आणि त्या फटक्याला जागा जे उत्तर देते ते नोंदवायचं. एवढं हाती आलं की कुठलाही कोरडा आवाज संगणकात त्या जागी नेऊन बसवता येतो. डोळ्यांवर आभासी दृश्याचा चष्मा आणि कानांवर हेडफोन लावलेल्या माणसाला वाटतं, आपण तिथंच उभे आहोत. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडे, एका गावानं जुना दगडी सभामंडप जीर्णोद्धारासाठी उतरवला. त्याआधी बाबांनी त्यात तीनशे फुगे फोडून ठेवले होते. नगरच्या एका संस्थेत ओंकार नावाचा इंजिनियर त्यावरून तो मंडप पुन्हा उभा करत होता. मंडप हुबेहूब वाजतो की नाही, हे ठरवणारे शेवटचे कान बाबांचे होते. मी रेघ काढली आणि ऐकून ठरवण्याचं ते काम बाबांनी स्वतःहून सोडलं.

मी मागच्या खोलीत गेले आणि टाळी वाजवली. काहीच परत आलं नाही. खिडकीपाशी वाजवली, दारापाशी वाजवली.

"डास झालेत का, ताई?" राजस दारातून म्हणाला.

"हा निरोप तुला कुठं सापडला?"

"सांगितलं ना, लॅपटॉपमध्ये. समोरच होता. तुझ्या नावाची फाइल."

"आणि लॅपटॉप इथंच होता? महिनाभर?"

"ओंकार यंत्रं न्यायला आला होता तेराव्याला, तेव्हा त्यानं उघडला होता. बाकी कोण हात लावणार? आईला तर फोनवरची हिरवी-लाल बटणंच कळतात." तो पलंगावर बसला. "तू काय खणतेस गं? वर्षभर मी मध्ये सापडलो होतो. बाबांचा चेहरा बघायचा आणि तुझे फोन घ्यायचे. आता मिळालंय ना जे हवं होतं, घे की पदरात."

"खरं असेल तर घेईन."

"तू बाबांवरच गेलीयेस," तो म्हणाला. त्याला ते चांगलं म्हणायचं नव्हतं.

मी निरोपाची लहर संगणकाच्या पडद्यावर ताणून पाहिली. टर्र म्हणजे सुटे सुटे ठोके असतात. ते मोजले. सेकंदाला छप्पन्न. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या जरा आत जातो. छप्पन्नांनी भागलं की एका फेरीचं अंतर निघतं, सहा मीटरच्या आसपास. जाऊन येऊन सहा, म्हणजे भिंतीपासून भिंत तीन. दहा फूट.

मग टेप घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघर साडेआठ. पुढची खोली चौदा. गच्चीवरची बारा. आई मेथीवरून मान वर न करता सगळं पाहत होती.

दहा फूट फक्त एका खोलीत भरले. मागच्या.

३

म्हणजे खोली तीच होती, पण उघडी. गोधड्यांशिवाय, पुस्तकांशिवाय, पडद्यांशिवाय. आणि तशी मी ती लहानपणानंतर पाहिली नव्हती.

दुपारी कडूबाई भांड्यांना आल्या. आमच्याकडे त्या पंचवीस वर्षं येतात. मी त्यांच्याजवळ पाटावर बसले.

"कडूबाई, मागची खोली गेल्या वर्षात कधी पूर्ण रिकामी केली होती का?"

"रिकामी? सर गेल्यावर न्हाई. वैनी हातच लावू देत न्हाईत." त्यांनी कढई पालथी घातली. "मंग दसऱ्याला केली तेवढीच. घट बसायच्या आदल्या हप्त्यात दसरा न्हाई का काढीत? समद्या गोधड्या, खोळी, पडदे टेम्पोत घालून नदीवर नेले. गाद्या गच्चीवर उन्हात. पुस्तकं वसरीत."

"एवढं सगळं? एका दिवसात?"

"तर. पहाटपासनं. आमी दोघीच. राजसदादाला मेला कारखाना सुटत न्हाई. सांजच्याला परत आलो तवा सर रिकाम्या खोलीत फुगे फोडीत हुते. मी म्हनलं, सर, बारसं हाय का कुनाचं? तर नुसते हसले."

"काही बोलले नाहीत?"

"बोलनार कसे? घसा बसला हुता त्यांचा. लई वाईट. चार दिस आवाजच न्हवता. वैनींना पाटीवर लिवून दावायचे, च्या पायजे म्हनून."

"आणि खोली परत कधी भरली?"

"दुसऱ्या दिशी. गोधड्या वाळल्या तशा घडी घालून ठिवल्या. का वो, काय हरावलं का?"

काही हरवलं नव्हतं. एक तारीख सापडली होती.

दसऱ्याचं हे धुणं आमच्याकडे वर्षातून एकदाच होतं. निरोपात गेल्या फेब्रुवारीतल्या तपासणीचा उल्लेख होता, तेव्हा तो त्यानंतरचाच असायला हवा. त्यानंतर खोली एकदाच उघडी झाली, आणि नेमक्या त्या दिवशी बाबांना आवाज नव्हता.

निरोपातला आवाज स्वच्छ होता. खोली एका दिवसाची होती, आवाज दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचा. दोन्ही कुणीतरी नंतर एकत्र आणले होते, आणि ते जमणारा माणूस मला माहीत असलेल्यांत एकच होता.

४

ओंकार तिशीचा, हडकुळा, बोलताना समोरच्याकडे न पाहणारा. बाबांचे कान चुकतायत हे प्रथम त्याच्याच लक्षात आलं होतं आणि त्यानंच मला फोन केला होता. बाबा मंडपातला बारीक आवाज वाढवायला सांगत राहायचे. त्यांना तो पुरत नव्हता आणि इतरांचे कान दुखायला लागायचे.

सोमवारी मी नगरला त्याच्या संस्थेत गेले. त्यानं आधी मला मंडप दाखवला. चष्मा लावला आणि मी दगडी खांबांमध्ये उभी राहिले. मागं कुणीतरी पखवाजावर थाप मारली. ती छताला जाऊन पोचली, थोडी थांबली आणि सगळीकडून खाली आली. आता ती जागा जगात नाही.

चष्मा काढून मी त्याला म्हटलं, "ओंकार, निरोपातली मागची खोली तू घटस्थापनेआधीच्या फायलीतून घेतलीस."

तो बराच वेळ वायर गुंडाळत राहिला.

"कशावरून, ताई?"

मी सांगितलं. ठोके, दहा फूट, दसरा, नदी, पाटी. तो ऐकत गेला आणि मध्येच खुर्चीवर बसला.

"सर खोली रिकामीच मोजायचे," तो म्हणाला. "सामान नंतर गणितानं भरायचं. कुठं किती कापड, किती लाकूड. मला ठाऊक होतं ते. पण मी त्या खोलीत कधी गेलोच नाही. आलो की सर ओसरीवर बसवायचे. यंत्रंसुद्धा तिथंच बांधून ठेवली होती. नोंदीत नुसतं 'मागची खोली' होतं. मला वाटलं, शिक्षकाची खोली, असेल एक खुर्ची नि टेबल. चौदा गोधड्या कोण धरणार?"

"मुळात खोली कशाला लावलीस? नुसता आवाज दिला असतास तर मला कळलं नसतं."

"कोरडा आवाज खोटा वाटत होता. माणूस कुठंतरी बसलेला लागतो." त्यानं प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "आवाज मी बनवला. सरांचं बोलणं चाळीस तासांचं आहे माझ्याकडे. त्यावरून बनतो आता. मला ते आवडलं नाही, पण बनतो."

"आणि शब्द?"

"शब्द सरांचे आहेत."

मी हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

"खरंच. घरातल्या माणसानं सांगितलं मला. म्हणाले, शेवटी हे बोलले होते, पण कुठं नोंदलं गेलं नाही. ताईला आपण नुसतं सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, त्यांच्या आवाजात असलं तर ठेवेल. लॅपटॉपवर मीच टाकून आलो तेराव्याला."

"कोण म्हणालं?"

"ते नका विचारू. मी कबूल केलंय."

"सर तुझ्याशी कधी बोलले का? त्या अहवालाबद्दल?"

"अहवालाबद्दल नाही." त्यानं वायर खाली ठेवली. "पण दिवाळीनंतर फोन करायचे आणि म्हणायचे, वरचे बारीक आवाज तू ऐक, मला ते येत नाहीत. सरळ म्हणायचे. पूर्वी असं कधी म्हणाले नसते."

ही माफी नव्हती. बाबांनी एक मोजमाप मान्य केलं होतं, इतकंच. पण ते मान्य केलेला माणूस पुढचं बोललाही असेल. आवाज बनवलेला होता, तरी निरोप खरा असू शकत होता.

५

नगरहून नेवाशाची एसटी दीड-दोन तास घेते. मी निरोप कागदावर उतरवला आणि एकेका वाक्यापुढं लिहीत गेले, हे कोणाला माहीत असू शकतं.

रेघ बरोबर होती. हे राजसला माहीत होतं, आईला, ओंकारला. कान गेले होते. तेही सगळ्यांना. बोललो नाही. तेही.

राहिलं चौथं वाक्य. तू बटणं दाबत होतीस तेव्हा तुझे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं.

डोळे भरले होते, हे खरं. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. पण कान तपासताना माणसाला आम्ही पाठमोरं बसवतो. तपासणाऱ्याचा हात दिसला, चेहरा दिसला, की माणूस आवाज न येताही अंदाजानं बोट वर करतो. मी खुर्ची अर्धवट वळवली होती. बाबांनीच ती पूर्ण फिरवून घेतली. "नीट कर," म्हणाले. "मला काही दिसता कामा नये."

तपासणी होईपर्यंत ते आतल्या बंद खोलीत, मधल्या काचेकडे पाठ करून बसले होते. संपल्यावर मी तोंड धुऊन मगच दार उघडलं. ते वाक्य बाबा बोलूच शकत नव्हते. जिवंतपणी नाही, शेवटच्या दिवसात नाही, कधीच नाही.

राजस तेव्हा खाली गाडीपाशी होता. ओंकार नगरला. काचेच्या अलीकडे, माझ्या शेजारच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन एकच माणूस बसलं होतं.

मी बसमधून राजसला फोन लावला. "लॅपटॉप बघ, असं तुला कोणी सुचवलं होतं?"

"आईनं. म्हणाली, बघ एकदा, त्यांचं काही राहिलं असेल. का?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे ताई, काहीतरी आहेच," तो म्हणाला. मी फोन ठेवला. एक वाक्य आईचं असेल, तर बाकीची कोणाची, याचं उत्तर मला नको होतं आणि ते विचारायलाच मी घरी चालले होते.

६

आई मागच्या खोलीत पलंगावर बसली होती. मला वाटतं, मी घरभर टेप फिरवली तेव्हापासून ती वाट पाहत होती.

"ओंकारनं सांगितलं?"

"त्यानं तुझं नाव घेतलं नाही. तू सांगितलंस. डोळे भरले होते ते तू पाहिलंस, बाबांनी नाही. ते पाठमोरे होते."

तिनं थोडा विचार केला. मग मान हलवली. "खरंच की. माझ्या लक्षात नाही आलं. मला दिसलं म्हणजे त्यांनाही दिसलं असेल, असंच धरून चालले मी."

"आई, ते शेवटी काय बोलले?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"शेवटी दवाखान्यात मी त्यांना दोनदा विचारलं, मनवाला बोलावू का. दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले. ते हो होतं की नको होतं, मला कळलं नाही. तेवढ्यात गेले." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुला हे सांगितलं असतं तर तू जन्मभर त्या मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ लावत बसली असतीस. तुला ओळखत नाही का मी?"

हे बरोबर होतं. आजही मी तेच करते.

"म्हणून त्यांच्या तोंडी घातलंस."

"त्यांनी म्हणायला हवं होतं ते घातलं."

"नाही," मी म्हटलं. "ते पाठमोरे होते. त्यांच्याकडे म्हणण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी काही पाहिलंच नाही. ज्यानं पाहिलं, त्याचा हा निरोप आहे. तो तुझा आहे, आई. तू बोल तो."

तिनं पदराचं टोक सोडलं. त्या खोलीत गप्प राहिलं की काहीच ऐकू येत नाही, रस्त्यावरचा ट्रॅक्टरसुद्धा नाही. मी वाट पाहिली. मला वाटलं ती उठून चहा टाकायला जाईल. घरात काही अवघड झालं की ती चहा टाकते.

"तू रेघ बरोबर काढलीस," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. त्यांना घरात घड्याळाची टिकटिक येत नव्हती, वर्षभर येत नव्हती, मला माहीत होतं. तुझे डोळे मी पाहिले. आणि जिन्यात ते तुला बोलले तेव्हा मी मागंच उभी होते. तेव्हा म्हणायला हवं होतं, की पोरीला कशाला बोलता, तिनं खरं तेच लिहिलंय. नंतरही रोज म्हणता आलं असतं. अकरा महिने. तुझा फोन आला की मी म्हणायची झोपलेत. ते समोर जागे बसलेले असायचे." तिनं गोधडीची घडी सारखी केली. "मला घरात शांतता हवी होती. ही माझी चूक, मनवा. त्यांची त्यांनी केली असेल, ती मला नाही सांगता येणार."

मी तिच्याजवळ बसले. रडले नाही. बाबांनी मला माफ केलं की नाही हे आता कुठूनच कळणार नव्हतं. त्या जागी दुसरं काही ठेवावं असंही मला वाटलं नाही.

थोड्या वेळानं मी ओंकारला फोन लावला आणि निरोप पुसून टाकायला सांगितला, त्याच्याकडचा आणि लॅपटॉपवरचा. तो हो म्हणाला. आईनं हात पुढं केला. मी फोन तिच्याकडे दिला.

"ओंकार, शोभाकाकू बोलतेय," ती म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं होतं. सर तसं काही बोलले नव्हते. ते शब्द माझे होते."

पलीकडून काहीच आलं नाही. लाल बटण कुठलं ते आईला माहीत आहे. तिनं ते दाबलं नाही. तो काय म्हणतो ते ऐकायला फोन कानाशी धरून बसून राहिली.